पेटीतलं जानवं

न्हाव्याने कपाळापासून मागे पहिला वस्तरा ओढला तेव्हा मला आधी गार लागलं. मी मागच्या पडवीत पाटावर बसले होते, गोठ्याकडे तोंड करून. "मान जरा वाकवा, वयनी. हालू नका, न्हायतर लागंल," तो म्हणाला. मी हलले नाही. वेणी आधीच कापून केळीच्या पानावर ठेवली होती आणि तिच्यावर एक मुंगळा चढत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. माझं वय बावीस. नवऱ्याला जाळून दहावा दिवस होता.

जाळला तो नवरा पळसाच्या देठांचा होता. खरा पॅरिसला होता, जिवंत होता आणि त्या वेळी बहुधा नुकता उठून कॉफी पीत असेल. हे आम्हाला आठ महिन्यांनी कळलं.

आमच्यात तेव्हा नवऱ्याला 'हे' म्हणायचं. मी इथे 'तो' म्हणणार आहे. का, ते पुढे कळेल.

आमचं गाव अलिबाग आणि रेवदंड्याच्या मधलं. घरची नारळ-सुपारीची वाडी. मी चौथीपर्यंत शिकले आणि तेराव्या वर्षी या घरात आले. तो तेव्हा मुंबईला चित्रकला शिकत होता. तिथे एका पारशी बाईकडे जाऊन तो फ्रेंच शिकला. सुट्टीत आला की भिंतीवर खळीने पॅरिसची पोस्टकार्डं चिकटवायचा. एका कार्डावर नदी होती, पूल होता आणि पुलावर छत्री घेतलेली एक बाई होती.

"ही कोण मेली छत्रीवाली?" सासूबाईंनी विचारलं. "हिला घरी काही काम नाही का?"

"आई, तिकडे बायका नुसत्या चालायला बाहेर पडतात."

"नुसत्या?" सासूबाईंना ते पटलं नाही. त्या बरेच दिवस त्या बाईकडे जाता-येता बघायच्या.

मामंजींचं वेगळं होतं. "चित्रं काढतोस ते कळलं," ते म्हणायचे. "काम काय करतोस?" तो मला सांगायचा की पॅरिसमध्ये हे कोणी विचारत नाही. रस्त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात, एक कॉफी घेऊन माणूस दुपारभर बसतो आणि तू कोणाचा, कुठला, कधी उठणार, असं कोणी म्हणत नाही. त्याचा आवाज हे सांगताना बदलायचा. माझ्याशी इतर कुठल्या गोष्टीबद्दल तो तसा बोलला नाही.

आमच्या घरात पाव चालत नसे. तो रेवदंड्याच्या किरिस्तावाच्या भट्टीतून पाव आणायचा आणि वाडीत रहाटाच्या मागे बसून खायचा. एकदा मला तुकडा दिला.

"फ्रेंच पाव याच्यापेक्षा लांब असतो, हाताएवढा. वरून कडक. कसा लागला?"

"आंबट."

"तुला कळत नाही," तो म्हणाला. मी रहाटाच्या पाण्याने चूळ भरली आणि घरात गेले.

चोवीस सालाच्या सुमारास मुंबईच्या एका शेटजींनी त्याला बोटीचं तिकीट काढून दिलं. सासूबाईंनी पत्र्याची पेटी भरली. पळी, पंचपात्री, ताम्हन, सोवळ्याचा मुकटा, जानव्यांचे चार जोड, मेतकुटाची बरणी. निघताना मामंजींनी स्वतः गाठ मारलेलं जानवं त्याच्या गळ्यात घातलं आणि पेटीची किल्ली त्या जानव्याला बांधून दिली. "संध्या चुकवू नकोस." तो हो म्हणाला. तो जायला इतका उतावीळ होता की त्या दिवशी कशालाही हो म्हणाला असता.

दोन वर्षं पत्रं नेमाने आली. घरच्या पत्रात थंडीबद्दल असायचं. मला वेगळी चिठ्ठी असायची. एकीत त्याने लिहिलं होतं की त्याने लसणीत शिजवलेल्या गोगलगाई खाल्ल्या आणि त्या चांगल्या लागल्या. ती चिठ्ठी मी चुलीत घातली. मग पत्रं विरळ झाली आणि पुढे वर्षभर एकही आलं नाही.

मग पेटी आली. मुरूडकडचा एक खलाशी होता, मुसलमान, म्हातारा. रेवदंड्याला होडीतून उतरून पेटी डोक्यावर घेऊन आला. ती काथ्याने बांधलेली होती, कुलूप नव्हतं. मामंजींनी त्याला शंभर प्रश्न विचारले.

"आमाला म्हाईत न्हाय, बाबा," तो म्हणाला. "मला एडनला दुसऱ्या बोटीवरच्या मानसानं दिली. त्याला फ्रान्सात, मार्सेलीसच्या बंदरात कोनी तरी दिली. पत्ता वर लिवलाय, पोचती कर बोल्ला. मालकाला मी बघितलेला न्हाय."

पेटी अंगणात उघडली. वर मुकटा होता. त्याखाली ताम्हन, पळी, पंचपात्री. पंचपात्रीत जानवं होतं. नव्या जोडांतलं नव्हे. अंगावरचं, घामाने पिवळं पडलेलं, मामंजींच्या हातची गाठ असलेलं आणि किल्ली अजून त्याला बांधलेली.

सासूबाई खाली बसल्या. "किल्ली सोडवायलासुद्धा उरला नाही रे माझा बाळ."

 मामंजींनाही तेच वाटलं, गावालाही तेच वाटलं. आमच्यात जिवंत माणूस अंगावरचं जानवं काढून ठेवत नाही. जुनं उतरवण्याआधी नवं गळ्यात घालतो. रिकाम्या गळ्याचा ब्राह्मण म्हणजे मुंज न झालेला पोरगा, नाही तर संन्यासी, नाही तर मेलेला.

मी पेटी रिकामी केली. तिच्यात एकही कुंचला नव्हता. रंग नव्हते, चित्रांची वही नव्हती, फ्रेंचचं पुस्तक नव्हतं. मेलेल्या माणसाचं सामान कोणी बांधलं असतं तर सगळंच बांधलं असतं. या पेटीत फक्त आपल्याकडचं होतं, मेतकुटाच्या बरणीसकट, आणि बरणीचा दट्ट्या काढलेलाच नव्हता. हे मला तिथेच दिसलं. मी बोलले नाही.

मामंजींनी जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं. तीन महिने वाट पाहिली. मग भटजींना बोलावलं.

देह मिळत नसेल तर पळसाच्या देठांचा माणूस करतात. तीनशे साठ देठ लागतात. डोक्याला इतके, हातांना इतके, असा हिशेब ठरलेला. ते लोकरीच्या दोऱ्याने बांधतात, डोक्याच्या जागी नारळ, डोळ्यांच्या जागी कवड्या. हे सगळं आमच्या अंगणात झालं. नारळ आमच्याच वाडीतला. कवड्या दोन मिळाल्या त्या सारख्या नव्हत्या, एक लहान होती. त्यामुळे तो एका डोळ्याने बारीक करून बघतोय असं वाटत होतं. चित्र काढताना तो तसंच बघायचा. मग त्याला उचलून समुद्राकडच्या स्मशानात नेलं. सासूबाईंनी माझं कुंकू पुसलं. दहाव्या दिवशी न्हावी आला.

नंतरचे आठ महिने मला फारसे आठवत नाहीत. तांबडं अलवण नेसायचं, एकदा जेवायचं, पाणी भरायचं. डोक्याला ऊन फार लागायचं.

आठव्या महिन्याच्या श्राद्धाला टपालवाला आला. पानं वाढून झाली होती, भटजी पाटावर बसले होते, बाहेर कावळ्याने पिंड नेला होता. पाकिटावर फ्रान्सचं तिकीट होतं. मामंजींनी उभ्यानेच वाचलं. खोली बदलली. हिवाळाभर खोकला होता, म्हणून लिहिलं नाही, रागावू नये. एका प्रदर्शनात एक चित्र लागलं आहे. खाली लिहिलं होतं, पेटी पोचली का?

 मग भटजी म्हणाले, "संकल्प झालाय. आता पानावरून उठता येत नाही." आणि ते जेवले. दोनदा वरण मागितलं.

सासूबाई माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोकं आदल्याच दिवशी केलेलं होतं. त्यांनी हात काढून घेतला.

जेवण झाल्यावर भटजींनी सांगितलं की यालाही शास्त्र आहे. क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. तुपात बसवायचं, बाहेर काढायचं, जातकर्म करायचं, बारसं, मुंज, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न. ते लग्न लागेपर्यंत ही विधवाच. म्हणजे माझं सगळं त्याच्या येण्यावर होतं. तो आला तर मला कुंकू होतं, दोन वेळचं जेवण होतं, चारचौघींत जागा होती. नाही आला तर दर पंधरा दिवसांनी न्हावी होता.

मामंजींनी दोन पत्रं लिहिली. तो वर्षाने आला.

रेवसच्या बोटीने आला, तिथून बैलगाडीने. डोक्याला हॅट, मिशी काढलेली. समुद्र ओलांडलेला आणि वर मेलेला, म्हणून त्याला घरात घेता येईना. वाडीतल्या खोपीत ठेवला. सासूबाई दहा हात लांब उभ्या राहून रडल्या. "किती रे वाळलास!"

"मेल्यावर माणूस वाळणारच, आई," तो म्हणाला. सासूबाई रडता रडता हसल्या.

त्याचं पान घेऊन मी गेले. माझं आणखी काय बिघडणार होतं. त्याने मला ओळखलं नाही. "ठेवा, बाई," म्हणाला. मग ओळखलं.

मी विचारलं, "जानवं का काढलंत?"

"तिकडे पोटासाठी चित्रशाळेत उभा राहायचो. मुलं अंगाची चित्रं काढतात. अंगावर दोरा नको म्हणाले. काढून ठेवलं. मग पुन्हा घालायची आठवणच झाली नाही."

"आणि पेटी?"

"खोली लहान होती." थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्हाला कोणालाच शंका आली नाही?"

"मला आली. पेटीत कुंचले नव्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळे रडत होते. तुम्हाला आमचं काही नको झालंय, हे मी सांगायचं होतं का?"

 मग त्याने विचारलं, "डोळे कशाचे केले होते?" मी कवड्यांचं सांगितलं. एक लहान होती तेही सांगितलं. त्याने वही काढली आणि मी सांगत गेले तसं तो काढत गेला. दोऱ्याचा रंग विचारला. पान गार झालं.

विधी ठरल्या दिवशी झाला. काहिलीत कोमट पाणी आणि वर सासूबाईंनी साठवलेलं तूप. तो गुडघे छातीशी घेऊन आत बसला. मामंजींनी त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. भटजींनी कानात मंत्र म्हटला आणि सांगितलं, "मुलगा झाला." सासूबाईंनी साखर वाटली. मग मुंज. सासूबाईंनी मांडीशी बसवून त्याला घास भरवले. त्याच्या डोक्यावर मागे टक्कल पडायला लागलं होतं. नवं जानवं घातलं. तो सगळा वेळ इकडेतिकडे बघत होता, काहिलीकडे, धुराकडे, लोकांच्या पायांकडे. तो काय बघत होता ते मला कळत होतं.

मग माझी पाळी आली. सासूबाईंनी हिरवं लुगडं काढून ठेवलं होतं. भटजींनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"फूल कुठे माळायचं? वधूचं डोकं असं चालणार नाही. केस खांद्यापर्यंत येऊ देत."

"किती दिवस?" मामंजींनी विचारलं.

"वर्ष धरा."

हे आधी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नवऱ्याची सगळी तयारी केली, माझ्या डोक्याचा विचार कोणी केला नाही. त्याची बोट तीन आठवड्यांनी होती. प्रदर्शनाला तिकडे हजर राहायला हवं म्हणाला. "वर्षाने येतो. तू वाढव तोवर."

"आणि तोवर मी कोण?"

त्याने भटजींकडे बघितलं. भटजी म्हणाले, "तोवर आहे तीच."

म्हणजे शास्त्राने तो आता मुंज झालेला, बिनलग्नाचा, वयाने एक दिवसाचा. मी त्याच्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठी आणि देठांच्या माणसाची विधवा. तेव्हापासून मी त्याला मनात 'तो' म्हणते. जाताना तो मोकळ्या अंगाने गेला, असं मला वाटलं. त्याने ते मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या पंधरवड्याला न्हावी आला तर सासूबाईंनी त्याला कुंपणाच्या बेड्यातूनच परत पाठवलं. "तिचं लग्न ठरलंय."

"कोनाशी, काकी?"

"माझ्या मुलाशी."

न्हावी पुन्हा आला नाही. वर्षाने केस खांद्यापर्यंत आले. तो आला नाही. पत्र आलं की पुढच्या वर्षी जमेल. त्याच्या पुढच्या वर्षी एक पोस्टकार्ड आलं. त्याने पळसाचा माणूस रंगवला होता, त्याचा तो फोटो होता. लोक चित्रासमोर बराच वेळ उभे राहतात, असं लिहिलं होतं. मी निरखून बघितलं. त्याने दोन्ही कवड्या सारख्या काढल्या होत्या.

त्यानंतर पत्रं बंद झाली. मामंजी गेल्यावर कोणी तरी सुचवलं की पुन्हा एकदा क्रिया करून टाका. सासूबाई म्हणाल्या, "एकदा जाळला तेवढं पुरे." हिरवं लुगडं त्यांनी शेवटपर्यंत ट्रंकेत ठेवलं होतं. त्यांच्यामागे मी ते नेसून फाडलं. वाडीत कामाला चांगलं होतं, मळ दिसत नसे.

मामंजी गेले, सासूबाई गेल्या, भटजी गेले, न्हावीही गेला. पॅरिसला गेलेल्याचं काय झालं मला माहीत नाही. त्या दोन्ही विधींना आमच्या अंगणात जी माणसं हजर होती, त्यांतली मी एकटी जिवंत आहे.