निर्मळ पेट्रोल : जुन्या टू-स्ट्रोकवर पुणे ते अंथुर्णे

खरं सांगते, या वेळी मला जायचंच नव्हतं. शनिवारी पहाटे खाली पार्किंगमध्ये उतरले तेव्हा मनात एकच होतं, आज ही गाडी चालूच होऊ नये म्हणजे झालं. एरवी घाम फुटेपर्यंत किका मारून घेणारी बाई त्या दिवशी दुसऱ्या किकला सुरू झाली. वॉचमन म्हणाला, "मॅडम, आज लकी दिवस दिसतोय." सकाळी सकाळी मला लकी वगैरे ऐकवत नाही.

पहिल्यांदाच हा ब्लॉग वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्याकडे अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि मी सत्तेचाळीसची. भंगारवाल्याकडून आणून मीच ती खोलली आणि मीच जोडली. जिथे जिथे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींत जुन्या गाड्यांचा वर्ग ठेवतात, तिथे तिथे मी ती पळवते. बाकीचे दिवस एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. दोन्ही कामांत लोक मला बघून आधी घाबरतात आणि मग म्हणतात, "अरे, कळलंच नाही की."

पण मी दमलेय. हे इथे आधी कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते. मनगटं दुखतात. एका बेअरिंगसाठी तीन पेठा पालथ्या घालायचा कंटाळा येतो. त्यात हिचा ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो ते सिलेंडर, आता शेवटच्या घटका मोजतोय. प्रत्येक दुरुस्तीला ते आतून थोडं घासून मोठं करावं लागतं. लायनर, म्हणजे आतली नळी, बदलूनही झालीय. आमचे लेथवाले मामा गेल्या वेळी म्हणाले, "ताई, आता भिंत राहिली नाही. आणखी एकदा जॅम झाली की नमस्कार करा." या मॉडेलचा दुसरा ब्लॉक मी वर्षभर शोधला आणि नाद सोडला.

म्हणून ठरवलं होतं की इंदापूर तालुक्यातली ही शर्यत शेवटची. सहा फेऱ्या पुऱ्या करायच्या, हिला हिच्याच चाकांवर घरी आणायची आणि चालू अवस्थेत थांबवायची. भर चौकात सिग्नलला उभी असताना ही मरू नये, एवढंच मला हवं होतं.

रस्त्याचं म्हणाल तर पाटसपर्यंत सोलापूर हायवे, म्हणजे ट्रकवाल्यांचा मूड सांभाळत जायचं. पाटसला उजवीकडे वळून रोटी घाट चढलात की मोकळा श्वास. घाट म्हणजे अगदी नावापुरता आहे, पण माझ्या गाडीला तोही मोठा वाटतो. वर पोचून चहा घेतला आणि इंजिन गार होईपर्यंत अर्धा तास नुसती बसून राहिले. टू-स्ट्रोकवाल्यांनो, या रस्त्याला येताना ऑइलचा डबा घरूनच घ्या. पेट्रोलमध्ये ऑइल कालवायचं असतं हे आता पंपावरच्या माणसांनाही माहीत नसतं. लिटरला पन्नास मिली माझं प्रमाण आहे, आणि ते मी माझ्या हातानेच घालते.

बारामतीत एमआयडीसीजवळ मिसळ खाल्ली. मिसळ बरी होती, पाव शिळा होता. पुढे भवानीनगरपर्यंत रस्ता आता ऐसपैस झालाय, पण जानेवारीत त्यावर सत्ता उसाच्या ट्रॅक्टरची. दोन दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही आणि पुढे गाण्यांचा दणदणाट. रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाक घसरतं, तेव्हा अंतर ठेवा आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. कारखान्याजवळ मळीचा वास नाकात शिरला की समजायचं, भवानीनगर आलं.

तिथे प्लग साफ करायला थांबले, तर टपरीवरचे एक आबा उठून आले.

"कुणाची वो गाडी?"

"माझी."

"न्हाय, तुमचीच. पण मालक कुठं हायत?"

"मालकीण आहे, आबा. तुमच्यापुढे बसलीय."

आबांनी गाडीकडे बघितलं, माझ्या काळ्या हातांकडे बघितलं आणि टपरीवाल्याला ओरडून सांगितलं, "एक चा वाढव रं हितं." हा प्रश्न मी आजवर इतक्या गावांत ऐकलाय की आता रागही येत नाही. चहा मात्र फक्कड होता.

मुक्काम अंथुर्ण्याला होता. लॅबमधल्या माझ्या मैत्रिणीची सुमनआत्या तिथे राहते. ती आणि तिचे यजमान, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, यांचा ऊस आहे आणि थोडं डाळिंब. मी पोचले तेव्हा तात्या गोठ्यातून बाहेर आले आणि माझ्यामागचा निळा धूर बघून थबकले. "काय तरी जळतंय वाटतं."

"नाही तात्या, ती अशीच आहे."

"बरं बरं," म्हणाले, पण त्यांना पटलेलं दिसलं नाही. रात्री ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. आत्याने वाढता वाढता विचारलं, "पडत न्हाईस का गं?" पडते म्हटलं. "मग कशाला करतीस?" मी आणखी थोडी आमटी मागितली. अंगात त्राण नव्हतं. जेवून जी आडवी झाले ती कोंबड्यांनी उठवेपर्यंत.

सकाळी टाकीत तळाला थोडं पेट्रोल उरलं होतं. शेतातल्या शर्यतीच्या ट्रॅकपर्यंत तेवढं पुरेल, तिथे पोचून नवं कालवू, असा माझा हिशोब. पोहे खाल्ले आणि निघाले. मागून तात्या त्यांच्या मोटरसायकलवर, पाठीमागे आत्या, हातात शर्यत पुरी झाली की फोडायच्या नारळाची पिशवी. अर्धा रस्ता छान गेला. मग इंजिनातून बारीक किणकिण यायला लागली, भांड्यावर नखाने टिचकी मारावी तशी. मला वाटलं गारठा आहे. ट्रॅक आलाच होता, म्हणून तशीच पुढे नेली.

शेताच्या बांधाशी तात्या बाजूला येऊन थांबले. चेहरा नुसता फुललेला.

"बघा ताई, आज धूर न्हाय! काल कसली धुराडी हुती. आज बघा की."

मी मागे वळून बघितलं. खरंच धूर नव्हता. हात आपोआप चावीकडे गेला आणि इंजिन बंद केलं.

"तात्या, टाकीत काही घातलंत का?"

"घातलं की. तुमी आंघुळीला गेला तवा. पाव्हण्याची गाडी रिकामी लावून द्यायची पद्धत न्हाय आमच्यात. आन तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी नगं म्हणला असता."

"कुठलं घातलंत?"

"दोन कॅन हायत घरी. एक फवारणीच्या पंपाचं, त्यात ऑइल असतंय. ते कसं घालायचं पाव्हण्याच्या गाडीत? म्हणून दुसऱ्यातलं घातलं. एकदम निर्मळ."

म्हणजे ज्या कॅनमधलं पेट्रोल माझ्या गाडीला चाललं असतं, ते या माणसाने मान म्हणून बाजूला ठेवलं होतं. मी बांधावर बसले. खरं लिहू? माझ्या मनात पहिला शब्द आला तो "सुटले". राग त्याच्या मागून आला, आणि राग यायला समोरचा माणूस तसा नव्हता.

मी सांगितलं. लपवण्याइतकी हुशारी तेव्हा अंगात नव्हती. या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, ते नसलं की पिस्टन आत कोरडा घासतो, एवढं सरळ शब्दांत सांगितलं. तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या मोटरसायकलला किक मारली, घरी गेले आणि फवारणीचा कॅन घेऊन आले. तोवर मी टाकी रिकामी केली होती, सायलेन्सरचे पाइप सोडवले होते आणि भोकातून टॉर्च मारून आत बघितलं होतं. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते. फार खोल नव्हते, पण होते.

"आता?" तात्या म्हणाले.

"आता पळवली तर राहील किंवा जाईल. सांगता येत नाही."

"आन न्हाय पळवली तर?"

"घरी नेऊन उभी करायची."

"चादर घालून?"

"चादर घालून."

तात्यांनी टाकीवरची माती हाताने पुसली. मग हळूच म्हणाले, "माझ्यामुळं उभी ऱ्हायली, आसं नगं व्हायला."

आत्याने त्यांना दटावलं, "तुमी गप बसा. तिची गाडी, ती बघंल." आणि मला म्हणाली, "तुला काय वाटतंय ते कर. आमच्या तोंडाकडं बघू नगंस."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. ओरखड्यांकडे बघितलं. चादरीखाली गेलेल्या गाड्या मी खूप पाहिल्यात. मालक दर दिवाळीला धूळ झटकतो, फोटो काढतो आणि पुन्हा झाकतो. फवारणीच्या पेट्रोलात माझ्या डब्यातलं आणखी थोडं ऑइल कालवलं, पाइप बसवले आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

ट्रॅक म्हणजे ऊस तुटून गेलेलं, रोटर मारून उलथलेलं रान. जुन्या गाड्यांच्या वर्गात आम्ही पाच जण. स्पीकरवरून माझं नाव "श्री. वंदना" असं पुकारलं गेलं. हेल्मेट चढवता चढवता बांधावरच्या दोन बायकांचं बोलणं कानावर आलं.

"आगं, बाई हाय ती."

"व्हय? मग घरी सैपाक कोण करतंय?"

पहिल्या फेरीत चौथी होते. दुसऱ्या फेरीत एकाला वळणावर आतून काढलं आणि तिसरी झाले. ढेकळांवरून गाडी उडत होती, खांदे ठणकत होते, आणि बऱ्याच दिवसांनी मला दमल्यासारखं वाटत नव्हतं. टू-स्ट्रोक पळवताना दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची सवय असते, कारण इंजिन जॅम झालं की मागचं चाक तिथल्या तिथे अडकतं. तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर आवाज बदलला. बोटं आपसूक मिटली. गाडी बिनआवाजाची थोडं अंतर गेली आणि बाजूच्या मातीत थांबली. किक खाली दाबली, ती जागची हलली नाही.

तात्या रान तुडवत पळत आले. मागे येऊन ढकलायला लागले. आत्याने नारळ न फोडताच परत पिशवीत ठेवलेला मी बघितला. बांधावर बसून मी ढसाढसा रडले आणि मग भाकरी खाल्ली.

परतीचा प्रवास पेरूच्या पिकअपमधून झाला. गाडी मागे क्रेट्समध्ये दोरीने आवळलेली, मी ड्रायव्हरशेजारी. तो भाडं घेईना. तात्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. हडपसर येईपर्यंत मी झोपले.

मामांनी ब्लॉक हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि टेबलावर ठेवला. मग त्याला हात जोडले. पुढच्या रविवारी मी नऊपर्यंत झोपले. नखं पांढरी झाली. खिडकीत बसून सावकाश चहा प्यायले. लोक विचारतात, वाईट वाटतं का. वाटतं. पण पाठ दुखायची थांबलीय, हेही तितकंच खरं आहे.

तात्या मात्र थांबले नाहीत. दर दोन दिवसांनी मोबाइलवर फोटो. इंदापूरच्या भंगारातलं सिलेंडर, निमगावच्या गॅरेजमधलं, एकदा तर फवारणी पंपाचंच. "हे चालंल का?" मी दर वेळी "नाही तात्या, राहू द्या" लिहायची आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकायची. गेल्या आठवड्यात फोटो आला तो वरकुट्याच्या कुणाच्या तरी गोठ्याचा. कडब्याच्या मागे दोन सायलेन्सर, टाकीवर कोंबडी बसलेली. माझंच मॉडेल. खाली लिहिलं होतं, "मालक गेल्यावर म्हातारीनं धाकट्या दिराला कधी चालवू दिली न्हाय म्हणं. कमी पळालीया."

चार दिवस मी उत्तर दिलं नाही. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. नाही म्हणायचं, हे मी पक्कं ठरवलं होतं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं, की तात्या, तुमचा काही दोष नाही, मीच थांबतेय.

"ताई, हितंच हाय मी, गोठ्यात. पोरांनी ब्लॉक उतरवलाय. काय करू? ठिवू का परत?"

मी डोळे मिटले.

"तात्या," मी म्हटलं, "आत बोट घाला आणि वरच्या काठापासून सावकाश खाली फिरवा. कुठे झिजल्याची कड लागते का, सांगा."