दोन बोटं कापड

धोटामामांना बसलेलं कोणी पाहिलं नाही. सोलापुरातल्या आमच्या लहानशा इतिहास संग्रहालयात एक जुना हातमाग होता आणि तो लोकांना शिकवणं हे मामांचं काम. आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासारखे ते मागाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पळत, म्हणून हे नाव. कोणी खुर्ची पुढे केली की म्हणत, “सगळी उमर मागावर बसून काढली. आता तरी उभं राहू द्या की.”

मागासमोर ‘हात लावू नये’ अशी पाटी होती. आल्या आल्या ते आधी ती उलटी करत. सकाळी शाळेची मुलं, दुपारी कॉलेजचे विद्यार्थी, शनिवारी निवृत्त मंडळी. प्रत्येकाने दोन बोटं कापड विणायचं. मुलांना ते धागा ठोकणाऱ्या फणीचे फटके इथल्या विणकरांच्या तेलुगूत मोजायला लावत. एकदा पूर्वी विणकाम केलेल्या एक आजी मागावर बसल्या आणि बोलता बोलता वीतभर विणून गेल्या. “अक्का, बास की!” मामा ओरडले. “उद्याच्या शाळेला काय ठेवता का न्हाय?”

चुकलेलं ते कधी उसवत नसत. कापडाच्या कडेवरून बोट फिरवून विणणारा माणूस कसा होता ते सांगत. उन्हाळी शिबिराची बातमी घ्यायला मी गेलो, तेव्हा मलाही त्यांनी बसवलं. माझं कापड दोन्ही कडांनी आत ओढलं गेलं. “घाबरलेला माणूस धागा ओढतो,” मामा म्हणाले. “त्यात पेपरवाला. लई घाई.” सगळे हसले. मी सहा ओळींची बातमी दिली. त्यात हे नव्हतं.

गेल्या वर्षी मागावरचे उभे धागे संपत आले. अशा वेळी जुन्या धाग्यांची टोकं मागावरच राखतात आणि नवा एकेक धागा त्यांना गाठतात. शेकडो गाठी. हे काम संग्रहालयात एकट्या मामांना येत होतं आणि त्यांचे हात थरथरू लागले होते. संग्रहालयाच्या समितीने कळवलं, की सोमवारी शाळेची सहल येईपर्यंत माग सुरू झाला नाही, तर तो कायमचा काचेत जाईल.

मामा आणखीच पळू लागले. शनिवारच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेला त्यांनी गाठ शिकवायला घेतली. त्यांना सगळे बाईच म्हणत.

“बारीक गाठ मारा, बाई. जाड झाली तर फणीत अडकती.”

“मामा, तुम्ही जरा बसा बघू.”

“तुमी शिका, मग बसतो.”

शुक्रवारी सकाळी हृदयविकाराने मामांचं राहत्या घरी निधन झालं. बातमी माझ्याकडे आली. दोन प्रतिक्रिया घ्यायला मी दुपारी संग्रहालयात गेलो. बाई मागापाशी उभ्या होत्या. शेजारी रिकामी खुर्ची होती. निम्मे धागे गाठायचे राहिले होते.

“मामांविषयी काय सांगाल?” मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. “पेन ठेवा. ते टोक धरा.”

त्या दिवशी बातमी उशिरा गेली. शेवटची गाठ रविवारी पडली. माग चालतो का, हे विणूनच कळणार होतं. बाईंनी मला बसवलं.

सोमवारी मुलं आली तेव्हा पाटी उलटी होती. त्या कापडाची पहिली दोन बोटं दोन्ही कडांनी आत ओढली गेली आहेत. बाईंनी ती उसवली नाहीत.