अशोकच्या तोंडी घातलेलं एक वाक्य

अशोक गेला तेव्हा मी घोडेगावात एका लग्नाच्या मांडवात माईकसमोर उभा होतो, आणि गोष्ट सांगत होतो ती अशोकचीच. नवरदेवाची गाडी वाटेत अडकली होती, पत्रे तापले होते, पाहुणे खुर्च्या सोडून झाडाखाली पांगायला लागले होते. अशा वेळी माणसं बसवून ठेवायला माझ्याकडे एक हुकमी एक्का होता... ‘अशोकचा पहिला मोबाईल’. मी शर्टाची कॉलर वर केली, पोट पुढे काढलं, खिशातला चष्म्याचा डबा मोबाईलसारखा दोन बोटांत धरला आणि डोळे वटारून ओरडलो, “हात लावायचा न्हाई! लांबून बघा!” मांडव हसून लोटपोट झाला. खिशातला माझा खरा फोन मघापासून थरथरत होता. टाळ्या संपेपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मग घाम पुसत खाली आलो आणि वस्तीच्या ग्रुपवर अशोकचा फोटो दिसला. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्या मागे लोक अजून हसत होते.

अशोक आणि मी बेलापूरचे, एका वस्तीतले, एका बाकावरचे. मी तोंडाच्या जोरावर लग्नांची, सभांची सूत्रसंचालनं करू लागलो आणि तो नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागला. दोन हजार सालानंतरची ती आठ-दहा वर्षं आठवा. दर दिवाळीला जगात काहीतरी नवं निघायचं आणि ते आमच्या वस्तीत अशोकच्या पिशवीतून यायचं. सीडी प्लेअर आला, मग विटेएवढा मोबाईल, मग कॅमेरा, ज्यात रोल घालावा लागत नाही म्हणून आमच्या म्हाताऱ्यांचा विश्वासच बसेना. मग कानात अडकवायचं ब्लूटूथ, मग नखाएवढं मेमरी कार्ड, ज्यात म्हणे शेकडो गाणी मावतात. सुट्टीच्या दिवशी तो समाजमंदिराच्या ओट्यावर बसायचा आणि म्हणायचा, “या, डेमो देतो.” डेमो हा शब्द वस्तीला त्यानेच दिला. पुढे तर सोयरिकीला पाहुणे आले तरी पोरी कुजबुजायच्या, “नवरदेवाचा डेमो झाला का गं?”

एवढा ऐवज माझ्यासारख्या माणसाच्या हाती लागल्यावर मी गप्प बसेन का? मी गोष्टी रचल्या. ब्लूटूथ लावून तो बोलत निघाला तर त्याच्या आईने मीठमिरच्या ओवाळून टाकल्या, असं मी सांगायचो. तसं काही झालं नव्हतं. सीडी प्लेअरची तबकडी तो ताटासारखी घासायचा, हेही माझंच. अशोक श्रोत्यांत बसून सगळ्यांत मोठ्याने हसायचा. कुणी विचारलं, “खरंच का रं असं झालं हुतं?” तर म्हणायचा, “ह्यो नाटक्या म्हनतोय म्हंजे झालं असंल.”

फक्त एकदा तो हसला नाही. श्रीरामपूरचा माझा कार्यक्रम आटोपून आम्ही त्याच्या मोटारसायकलवर परत येत होतो. मागे बसून मी त्या दिवशीच्या टाळ्यांचीच बडबड करत होतो. वाटेत तो गाडी थांबवून म्हणाला, “बाकी काय बी सांग. पन तेवढं एक वाक्य माझ्या तोंडी घालू नको... हात लावायचा न्हाई, ते.”

“अरे येड्या, तिथंच तर टाळ्या पडत्यात!” मी म्हणालो.

त्याने किक मारली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही... मीही नाही.

अशोकच्या जलदानविधीला, त्याच्या शोकसभेत मला बोलायला उठवलं तेव्हा मी ते वाक्य टाळलं. एवढं शहाणपण सुचलं. वंदना झाली होती, दोघा-तिघांनी आदरांजली वाहिली होती, मीही दोन साध्या आठवणी सांगून खाली बसलो. मग करुणा उठली. अशोकची एकुलती एक लेक, पुण्याला नोकरी करते. रडत रडत बोलली, आणि वातावरण हलकं करावं म्हणून असेल, एकदम हसून म्हणाली, “आमचे पप्पा म्हणजे... वस्तूंना जिवापाड जपायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. काका सांगतात ना, लांबून बघा!” तिने पोट पुढे काढून, डोळे वटारून ते वाक्य म्हटलं. माझ्याच ढंगात, माझ्याच आवाजात. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. पुढच्या ओळीत अशोकची बायको, शोभावहिनी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या.

“हात लावू नका” हे वाक्य आमच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आजोबांनी ते पाणवठ्यावर ऐकलं होतं, अशोकच्या आजोबांनी दुकानाच्या पायरीवर. आणि ते मी कुणाच्या तोंडी घातलं... तर अशोकच्या. टाळ्यांसाठी!

तीन आठवडे मी एकही कार्यक्रम घेतला नाही. घरात बायकोला वाटलं, मित्राचं दुःख. दुःख होतंच, पण त्याच्यावर लाज अशी चढून बसली होती की दुःखाला वर यायला वाट मिळेना. शेवटी करुणा घर आवरायला आल्याचं कळलं तेव्हा गेलो. चहा ठेवून वहिनी सरळ म्हणाल्या, “भाऊजी, मला सगळं ठावं हाय. करुनाला न्हाई. तिला तुमीच सांगायचं, मी न्हाई सांगनार.”

करुणा कपाटासमोर बसली होती. मी उभ्यानेच सुरुवात केली. तोंडाला सवय वाईट, पहिल्या वाक्याला हात आपोआप कॉलरकडे गेला. तो खाली घेतला.

“पहिल्या मोबाईलचा डेमो बघायला पारूआत्या शेण थापता थापता उठून आली होती,” मी म्हणालो. “तिचा लेक मुंबईला, चार महिने त्याचा आवाज नव्हता. लांब उभी राहिली. म्हणाली, ‘माझं हात शेनाचं हायती, मी लांबूनच बघते.’ लांबून बघते, हे तिचं वाक्य गं. तुझ्या बापाने तिच्या शेणाच्या हातात नवाकोरा मोबाईल ठेवला. म्हणाला, ‘आत्या, धर. धुता येतं.’ रेंज येईना म्हणून तिला धरून पाण्याच्या टाकीपाशी नेलं. तिथं ती लेकाशी बोलली. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय.”

“मग तुम्ही उलटं का सांगितलं?”

“उलटं सांगितलं की लोक हसत होते.”

ती रागावेल, मला घराबाहेर काढेल, याची मी तयारी करून गेलो होतो. ती वेगळंच बोलली.

“काका, मी लहानपणी पप्पांच्या कॅमेऱ्याला कधी हात लावला नाही. तुमची गोष्ट ऐकून वाटायचं, त्यांना आवडणार नाही. ते म्हणायचे, ये, डेमो देतो. मला वाटायचं, उगाच म्हणतायत. मी अभ्यास आहे म्हणून आत जायचे.”

दारातून वहिनी म्हणाल्या, “आन् त्यांना वाटायचं, पोरीला ह्या खेळन्यांची आवडच न्हाई. मग तुला बोलवायचं बंद केलं त्यांनी.”

मला आयुष्यभर शब्दांची कधी टंचाई पडली नव्हती. त्या खोलीत मला ‘माफ कर’ एवढे दोन शब्दसुद्धा धड जुळवता आले नाहीत... म्हणालो काहीतरी, पण ते कुणाला ऐकू गेलं नसावं.

करुणाने कपाटातून तो पहिला मोबाईल काढला. जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळलेला होता. कापड सोडलं तर त्याच्या बटणांवर एकही आकडा नव्हता. एक ते नऊ, शून्य, सगळे घासून गेलेले, नुसती गुळगुळीत पांढरी बटणं. एका माणसाच्या वापराने असं होत नाही. पारूआत्या, तालमीतली पोरं, बाळंतिणीची खबर कळवायला धावत आलेले बाप, ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्यांना मुकादमाच्या फोनवर गाठणाऱ्या बायका... आख्ख्या वस्तीची बोटं त्या बटणांवरून फिरली होती. तिची सोडून.

“हा चालू कसा करायचा, काका?”

“लाल बटण. जरा वेळ दाबून ठेवायचं.”

तिने दाबलं. आतली बॅटरी कधीच फुगून मेली होती, तिने मागचं झाकण उचललं होतं, हे मला दिसत होतं, तिलाही दिसत असणार. तरी ती अंगठा काढत नव्हती.