तळहातावरचा खडा

परळीच्या प्लॅटफॉर्मवर अप्पांनी माझ्या गळ्यातला दोरा ओढून पाहिला. हैदराबादची गाडी लागली होती, बॅगा आत गेल्या होत्या, आणि धपाट्यांचा डबा कुठल्या पिशवीत ठेवलाय ते आई अख्ख्या बोगीला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगत होती. हैदराबादहून विमान, आणि मग स्वीडन. अप्पांचं त्यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. दोऱ्याची गाठ दोन बोटांत दाबून ते म्हणाले, "नवा हाय. टिकंल." गाडी हलायच्या बेताला पुन्हा जवळ आले. "हात रिकामा ठेवू नको."

दुसऱ्या कुणाच्या बापानं हे म्हटलं असतं तर कामाला लाग, असा त्याचा अर्थ झाला असता. आमच्यात तसा होत नाही. आम्ही लिंगायत. मूल जन्मलं की आमचा पुरोहित, म्हणजे जंगम, घरी येतो आणि सुपारीएवढं काळं इष्टलिंग त्याच्या अंगावर बांधतो. ते मरेपर्यंत गळ्यात. रोज अंघोळ झाली की डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, मिळालं तर बेलाचं पान ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं. त्याआधी अन्नाला शिवायचं नाही. माणूस गेला की त्याला बसवून पुरतात, आणि तेच लिंग त्याच्या डाव्या हातावर ठेवतात.

मी देव मानत नाही हे अप्पांना कॉलेजात असतानाच सांगून टाकलं होतं. वाद घालायची पूर्ण तयारी करून गेले होते. ते पेपर वाचत होते. "नग मानू. पर गळ्यात र्‍हाऊ दे, त्याला काय लई वजन हाय व्हय?" एवढं बोलून त्यांनी पान उलटलं. माझे सगळे मुद्दे तसेच पोटात राहिले. मला वाटलं, माणूस पक्का श्रद्धाळू आहे, लेकीला सांभाळून घेतोय.

तुमच्यापैकी जे परळीतच राहिले त्यांना राखेचं काय सांगायचं! दोरीवरच्या कपड्यांवर राख, माठाच्या झाकणावर राख, वाळत घातलेल्या कुरडयांवर राख. अप्पा थर्मललाच, म्हणजे ही राख सोडणाऱ्या वीजकेंद्रातच नोकरीला. "भस्म इकत कावून आनायचं? वरून फुकट पडायलंय की," असं ते पूजेला बसताना म्हणायचे आणि आई आतून ओरडायची, "जीभ आवरा!" सगळ्या देशातून लोक आमच्या गावात वैजनाथाच्या दर्शनाला येतात. अप्पा गावात जन्म काढूनही त्या रांगेत कधी उभे राहिले नाहीत. "ज्याच्या हातात हाय त्यानं रांगंत कावून हुबं र्‍हावं?" वर्षातून एकदा आम्हा लिंगायतांच्या कपिलधारला मात्र जायचे. तिथंही दर्शन उरकलं की धबधब्यासमोरच्या दगडावर तळहात मांडीवर ठेवून बसून राहायचे, आणि आम्ही शेंगा खाऊन कंटाळून जायचो.

त्यांची अजून एक सवय होती. शिफ्टवरून आले की फाटकातूनच हाक द्यायचे, "हाय का कुनी?" आई घरातच असायची, जाणार कुठे? तरी आतून "हाय की, या," असं आल्याशिवाय ते चपला काढत नसत. मी एकदा विचारलं, ती आहे हे माहीत असतं ना तुम्हाला, मग रोज कशाला? ते म्हणाले, "म्हाईत असनं येगळं अन ओ येनं येगळं."

स्वीडनमध्ये माझं बस्तान बरं बसलं. गोथेनबर्गमध्ये नोकरी, भाड्याचा फ्लॅट, आणि दिवसातून दोनदा फिका, म्हणजे कामाच्या मध्ये सगळ्यांनी एकत्र बसून कॉफी पिणं. ते चुकवणं तिथं उद्धटपणाचं. फिकाला माझ्या शेजारी बिर्गिट्टा बसायची, निवृत्तीला आलेली सहकारी. ती चर्चचा कर भरायची, चर्चच्या गायकवृंदात गायची, आणि देव आहे का म्हणून विचारलं की, साखर संपलीये, अशा सुरात "नाही गं," म्हणायची. मग गातेस कशाला? "चौघांत मिळून गाताना मी बरी माणूस असते." मला ती बाई फार आवडली. मीही सकाळी लिंग हातावर घेत होते, कारण अप्पांनी सांगितलं होतं. याला धर्म म्हणावं की निव्वळ सवय, हे मला ठरवता येत नव्हतं.

आणि एके दिवशी लिंग हरवलं. सकाळी गळ्याला हात लावला तर दोरा नाही. जुना झाला होता, मी बदलला नव्हता. आमच्यात नियम असा की लिंग सापडेपर्यंत किंवा गुरूकडून नवं मिळेपर्यंत अन्न वर्ज्य. बरं, मी देव न मानणारी बाई, फ्रिज भरलेला, बघणारं कुणी नाही. ब्रेड हातात घेतला आणि तो तोंडापर्यंत जाईना. घरी फोन केला. आईनं उचलला, ऐकलं आणि हंबरडाच फोडला. ऑफिसात फिकाला मी बन नको म्हटलं, तेव्हा बिर्गिट्टानं कारण विचारलं. सांगितलं.

"पण तुझा त्यावर विश्वास नाही ना?"

"नाही."

"मग?"

"मग काय? भूक लागलीये."

ती हसली नाही. विचार करून म्हणाली, "वॉशिंग मशीनचा फिल्टर बघितलास का?"

आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक धुलाईखोली आहे. आदल्या दिवशी मी तिथं चादरी कढत पाण्यात धुतल्या होत्या. संध्याकाळी फिल्टर उघडला. त्यात लोकरीचा गोळा, कुणाचं तरी बटण, दोऱ्याचा तुकडा आणि एक खडा. लिंगाचं वरचं काळं कवच गरम पाण्यात निघून गेलं होतं. जन्मापासून गळ्यात बाळगलेल्या वस्तूच्या आत काय आहे ते मी पहिल्यांदा पाहत होते. पांढुरका, साधा, आपल्या ओढ्यात पडलेला असतो तसला.

कवच गेल्याचं सांगायला अप्पांना फोन केला तेव्हा मला रडू येत होतं, आणि का येतंय ते कळत नव्हतं म्हणून रागही येत होता.

"आत काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"खडा."

"मंग बरोबर हाय. तुज्या आजोबाचं फुटलं तवाच मी बघितलतं. देव न्हाई त्यात. अन भाईर कुटं असंल असं बी मला कवा वाटलं न्हाई. जेव आता माय. मला बी भूक लागली."

तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की माझ्या उपासाचं ऐकल्यापासून त्यांनीही ताटाला हात लावला नव्हता. मागून आईचा आवाज आला, "बाप बी येडा अन लेक बी येडी! देव मानीत न्हाईत अन उपास धरायलेत!"

मग मी विचारलं, रोज काय बघता मग, अप्पा? ते म्हणाले, "खडा बघतो. तेवढा येळ कुनाचं वाईट येत न्हाई मनात. मान्साला अजून काय पायजे?"

ती माझी सगळ्यात चांगली वर्षं. रोज मी उठायचे तेव्हा परळीत चांगलं ऊन चढलेलं असायचं. निवृत्त झालेले अप्पा अंघोळ करून, उपाशी, माझ्या व्हिडिओ कॉलची वाट बघत बसलेले असायचे. त्यांच्या हातावर काळं लिंग, माझ्या हातावर उघडा खडा. जंगमाकडून पुन्हा कवच करून घेऊ का, असं विचारलं तर म्हणाले, "कशाला? तुला दिसलंय ते दिसलंय." आम्ही बोलायचो नाही. त्यांचा श्वास आणि परळीतला एखादा रिक्षाचा हॉर्न तेवढा ऐकू यायचा. मग "चल, खा कायतरी," आणि फोन बंद. देवाशिवाय धर्म असू शकतो का, यावर मी त्या काळात कुणाशीही भांडायला तयार होते. असतो, मी सांगायचे, आमच्या घरात आहे. मला त्याचा गर्व चढला होता.

मग अप्पांचं पोटाचं दुखणं निघालं, आणि ते उशिरा कळलं. मी जाऊन आले. रजा संपली म्हणून परत आले. नंतर आईनं फोनवर हलक्या आवाजात सांगितलं की अप्पा वैजनाथाच्या रांगेत गेलते. चुलतभावानं खुर्चीवर बसवून नेलं. अभिषेक बोलले होते. उदी लावून घेतली, कुणीतरी दिलेला ताईत दंडाला बांधला. मला राग आला नाही, भीती वाटली. आजवर आमच्या दोघांच्या धर्माला पुरून उरेल असं दुखणं आलंच नव्हतं.

सकाळचे कॉल चालूच होते. आता ते पडून असायचे आणि आई त्यांचा हात धरून त्यावर लिंग ठेवायची. एका सकाळी त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले.

"तू शिकलीस. जग बघितलंस. खरं सांग मला. वर हाय का गं कुनी?"

एवढी भांडखोर मी, तरी न्हाई म्हणवेना. हाय म्हटलं असतं तर त्यांनी लगेच ओळखलं असतं. "मी हाय ना, अप्पा," मी म्हणाले.

त्यांनी मला नीट पाहिलं. "तू तितं हाईस," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा बाप दुरुस्त करतो, तेवढंच होतं.

अप्पा गेल्याचं कळताच तिकीट काढलं, पण माती कुणासाठी थांबत नाही. चुलतभावानं मोबाइल धरला आणि मी गोथेनबर्गच्या स्वयंपाकघरात उभी राहून बघितलं. अप्पांना बसवलं होतं. कपाळभर भस्म, भोवती बेलाची पानं, डाव्या तळहातावर लिंग. आई रडत नव्हती. ती फक्त म्हणत होती, "मूठ मिटवा की त्यांची. पडंल ते."

त्यानंतरही मी रोज सकाळी खडा हातावर घेते. तोच खडा, तोच तळहात, आणि काहीही होत नाही. मन भाजीच्या यादीत, ऑफिसच्या मेलमध्ये, जुन्या भांडणात फिरून येतं आणि हात अवघडतो. आता कळतं की आमच्या धर्मात देव नव्हता ही माझी फुशारकी होती. होता. फोनच्या पलीकडे उपाशी बसून माझी वाट बघत होता. मी त्याला देव म्हणत नव्हते, एवढंच. बिर्गिट्टाचा गायकवृंदही मोडला, माणसंच उरली नाहीत. त्या चर्चच्या भिंतींवर आता तरुण मुलं दोर लावून चढायचा सराव करतात. घरी एकटीनं गाऊन बघितलं, ती म्हणाली, पण ते गाणं म्हणजे घसा साफ करणं झालं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर आले आणि तिकडे भाड्याच्या हॉलमध्ये गणपती बसवतात, त्यांची मी पूर्वी यथेच्छ टिंगल केली आहे. आता करत नाही. पण तुमच्यात येऊन बसायचंही मला जमत नाही. इथं माणसाला बसवून पुरत नाहीत. आणि बसवलं तरी माझ्या हातावर तो खडा ठेवायचा असतो, हे या देशात कुणाला ठाऊक आहे?

गेल्या हिवाळ्यात परळीला गेले. आई आता मावशीकडे अंबाजोगाईला असते, आणि आमच्या घराला कुलूप आहे. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. फाटक ढकललं. पायरीवर राखेचा थर, त्यात मांजराच्या पावलांचे ठसे. दारावरचं कुलूप मला स्पष्ट दिसत होतं. तरी माझ्या तोंडून हाक गेलीच, "हाय का कुनी?" चपला पायातच होत्या. मी थांबले. खरंच थांबले.

शेजारच्या घरात नवे भाडेकरू आलेत. तिथली बाई हात पुसत बाहेर आली. तिनं मला कधी पाहिलं नव्हतं.

"कुनाला हाक मारायलाव बाई? तितं कुनी न्हाई."

"ठाऊक हाय," मी म्हणाले.