कुंपणाच्या आतली भट्टी

ज्ञानदा खानोलकरचा पाय एका जागी कधी ठरला नाही. अमेरिकेतल्या एडिसनमध्ये वाढली, पुरातत्त्व शिकली आणि सहा वर्षांत चार नोकऱ्या बदलून एकतिसाव्या वर्षी ग्वामला पोचली. पॅसिफिक महासागरातलं हे बेट अमेरिकेच्या ताब्यातलं. त्यातला मोठा तुकडा लष्कराच्या कुंपणात. तिथे जवानांसाठी चाळीस घरं व्हायची होती. बुलडोझर येण्याआधी ते रान पायी पालथं घालायचं आणि जुनं काही सापडलं तर नोंदवायचं, हे तिचं काम.

नकाशात त्या जागी नुसती झाडी दाखवली होती. तिसऱ्या आठवड्यात तिला काळवंडलेल्या दगडांचा ढीग दिसला.

"रस्त्याच्या कामाचे उरलेले असतील. तसंच लिही," मॅनेजर म्हणाला.

तिने लिहिलं, सहीही केली. मग मात्र तिला चैन पडेना. भरल्या ताटावरून उठायची, गाडी काढून बेटाला चक्कर मारून यायची. फोनवर आई म्हणाली, "अगं, बेलव्ह्यूला दादाकडे जा. तिथे काहीतरी धड जॉब बघ."

"बघतेय गं," ती म्हणाली, आणि कुंपणाबाहेरच्या गावात त्या दगडांबद्दल विचारत फिरू लागली.

तिथे तिला शहाऐंशी वर्षांच्या डोलोरेस क्रूझ भेटल्या. गावात त्यांना सगळे टान डोलोरेस म्हणत. टान म्हणजे आपल्याकडची मावशी. महायुद्धानंतर लष्कराने त्यांच्या वडिलांची जमीन घेतली, तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या.

"पावाची भट्टी होती आमची," त्या म्हणाल्या. "थोड्या दिवसांत परत याल, असं सांगून आम्हाला बाहेर काढलं."

ज्ञानदाने खटपट करून त्यांच्यासाठी पास मिळवला. काठी टेकत टान डोलोरेस ढिगापाशी आल्या, त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि समोरच्या झुडपाकडे बोट दाखवलं. "दार तिथे. आई तिथून हाका मारायची."

ज्ञानदाने ढिगाशी उकरलं. भाजलेली माती आणि राख निघाली. झुडपाखाली घराच्या पायाच्या दगडांची ओळ लागली.

त्याच दिवशी तिने अहवाल मागे घेतला.

"तूच सही केलीयेस," मॅनेजर म्हणाला.

"चूक केली. आता दुरुस्त करतेय."

"तुझं पुढचं कॉन्ट्रॅक्ट मग विसर."

चार महिन्यांनी घरांची रांग वीस पावलं मागे सरकली, भट्टीला कठडा आला, आणि ज्ञानदाची नोकरी गेली. ती सांगायला गेली तेव्हा टान डोलोरेस नारळ खवत होत्या.

"घरं सरकली. आणि जमीन?"

"जमीन त्यांच्याकडेच आहे."

"मग एवढी खूश का आहेस?"

 ज्ञानदाला वाटलं होतं, निदान आज तरी जिवाला स्वस्थता येईल. बेलव्ह्यूचं तिकीटसुद्धा बघून ठेवलं होतं.

म्हातारीने हात पुसले आणि कागदावर पत्ता लिहिला. "माझा चुलतभाऊ, पेद्रो. त्याचं घर लष्कराच्या धावपट्टीखाली गेलं. त्याला आठवतंय तोवर विचारून घे."

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन गेली. पेद्रो अंगणात खुर्ची टाकून वाटच बघत होता. ती बसायच्या आतच त्याने विहिरीपासून सांगायला सुरुवात केली.