एकटीच्या घरचा कचरा

जिन्यात कोलंबीच्या सालांचा वास आला की मला मुलुंडची खोली आठवते. आई गेल्यावर मी तिथे एकटीच राहायचे. पर्यावरणशास्त्राच्या ऑनलाइन कोर्सचं क्रेडिट कॉलेजात धरलं जायचं आणि त्यासाठी आठवडाभराच्या घरच्या कचऱ्याचा फोटो पाठवायचा होता. माझ्या बादलीत नुसता चहाचा चोथा आणि नूडल्सची पाकिटं. शेजारच्या मालवणी काकू डोकावल्या. "ह्यो काय घरातलो कचरो गो?" म्हणत त्यांनी स्वतःकडची कोलंबीची सालं, करवंट्या माझ्या बादलीत ओतल्या. "आता कसो घरचो वाटता!" फोटो काढायच्या आधीच दुसऱ्या घरचा कचरा मिसळून सगळा आठवडा फुकट गेला म्हणून मी चिडले, पण बादली रिकामी करायला हात उठेना, खोलीत कुणीतरी जेवून गेल्यासारखा वास होता. क्रेडिट नंतर, पुढच्या आठवड्याच्या फोटोवर मिळालं. कोलंबी मात्र एकटीपुरती अजून आणवत नाही.