जुना कमोड काढला, नवा आलाच नाही

मंडळी, आयटीची नोकरी सोडून घरं रिनोव्हेट करायला घेतली, त्याचा आज पहिला दिवस. आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली.

क्वेकर्स हिल या उपनगरात एका काका-काकूंचं घर. टॉयलेट एकच. माझ्या सांगण्यावरून आमच्या प्लंबरने, डॅरनने, सकाळीच जुना कमोड काढून बाहेर कचऱ्यात ठेवला. मग दुकानाचा मेसेज आला: कोविडमुळे नव्या कमोडची डिलिव्हरी उद्या.

काका दारात. "अरे, नवीन कुठंय?"

"उद्या येतोय, काका."

"मग मी उद्यापर्यंत थांबू?"

लॉकडाऊनमुळे शेजाऱ्यांकडेही जाता येईना. आणि नवीन सिस्टिम चालू झाल्याशिवाय जुनी बंद करायची नाही, हे मी पंधरा वर्षं ज्युनिअर्सना ओरडून सांगितलंय!

शेवटी तोच कमोड कचऱ्यातून उचलला, घासून धुतला. "नो वरीज, मेट," म्हणत डॅरनने परत बसवला. काका जवळजवळ धावतच आत गेले. आम्ही तिघं बाहेर कान लावून उभे.

फ्लशचा आवाज आला आणि काकूंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

ऑफिसात इतके प्रोजेक्ट लाइव्ह केले, पण टाळ्या आज पहिल्यांदा मिळाल्या. तुमच्या कामाला शेवटची टाळी कधी पडली होती?